बिऱ्हाड हलवताना

प्रश्न : नोकरीच्या निमित्ताने आम्ही चार वर्षे परदेशात भाड्याच्या घरात राहिलो आणि आता सहा आठवड्यांत कायमचे परतणार आहोत. सामानाच्या याद्या, तिकिटे आणि अनामत रकमेची बोलणी यांत दिवस संपतो; पण रात्री सगळे निजले की मी स्वयंपाकघरात उगीच उभी राहते आणि गळा दाटून येतो. यजमान म्हणतात, "भाड्याच्याच तर भिंती, त्यांचा कसला निरोप घ्यायचा?" नऊ वर्षांची मुलगी परतण्याचा विषय निघाला की खोलीचे दार लावून घेते. शेजारच्या वयस्कर बाईंशी वर्षभरापूर्वी मुलीच्या खेळण्याच्या आवाजावरून वाद झाला, तेव्हापासून बोलणे बंद आहे. या घराचे ऋण मान्य करून निघावे असे मनापासून वाटते, पण ते करायचे कसे? – एक वाचक

उत्तर : तुमच्या यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे. भिंती भाड्याच्याच आहेत. पण अशा राहण्यासाठी मराठीत 'बिऱ्हाड' हा वेगळा शब्द आहे आणि त्यात भिंतींपेक्षा त्यांच्या आत मांडलेला संसारच अधिक अभिप्रेत असतो. तो चार वर्षे तुमचा होता, त्यामुळे गळा दाटून येण्यात वावगे काहीच नाही.

माझी पहिली सूचना क्रमाबद्दल आहे. निरोप शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. खोकी येण्यापूर्वीच तो सुरू करा. शेवटच्या आठवड्यात घर घरासारखे राहत नाही. पडदे उतरलेले असतात, बोलण्याचा प्रतिध्वनी येऊ लागतो आणि छायाचित्रे काढायची आठवण होते तेव्हा समोर फक्त खोक्यांची उतरंड असते. म्हणून याच आठवड्यात, पसारा न आवरता, रोजच्या अवस्थेतल्या खोल्यांची छायाचित्रे काढून ठेवा. शेवटच्या संध्याकाळी सर्वांना एकत्र बोलावून निरोप समारंभ उरकण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी मला फारशी आस्था नाही; तीत प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात आणि ज्यांच्याशी खरोखर बोलायचे असते तेच कोपऱ्यात राहून जातात.

परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी दीर्घकाळ काम केलेले अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड पोलॉक यांनी मुक्काम हलवणाऱ्यांसाठी चार टप्पे सांगितले होते : समेट, ऋणनिर्देश, निरोप आणि पुढच्या मुक्कामाचा विचार. या चार टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा 'राफ्ट', म्हणजे तराफा, असा शब्द होतो. यांत समेट सर्वांत आधी येतो हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपण सहसा आभारापासून सुरुवात करतो आणि अवघड भाग जाता जाता टाळतो.

तेव्हा त्या शेजारीणबाईंकडे आधी जा. त्या वेळी बरोबर कोण होते याचा निवाडा करायला मात्र जाऊ नका. तो आता लागणार नाही आणि लागून उपयोगही नाही. निघण्याची तारीख सांगा, सामान उतरवण्याच्या दिवशी जिन्यात आवाज होईल याची आगाऊ कल्पना द्या आणि त्याच ओघात, "त्या दिवशी माझा आवाज जरा चढला होता, त्याचे मला वाईट वाटते," एवढे एक वाक्य बोला. चार वर्षांत त्यांनी कधी दार धरून ठेवले असेल किंवा चुकून त्यांच्याकडे गेलेले टपाल आणून दिले असेल, तर त्या गोष्टीचा नेमका उल्लेख करून आभार माना. बाई विरघळतीलच असे नाही. कदाचित त्या मान हलवून दार लावून घेतील. तरीही तुमच्या बाजूची गाठ सुटलेली असेल. हजारो मैलांवरून ती सोडवणे फार कठीण असते आणि पुढे त्या घराची आठवण निघाली की पहिल्यांदा जिन्यातले ते भांडणच उभे राहते.

मुलीच्या बाबतीत एक गोष्ट मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. तुम्ही परतत आहात. ती निघते आहे. नऊपैकी चार वर्षे म्हणजे तिला नीट आठवणारे जवळजवळ सगळे आयुष्य या घरात गेले. रूथ हिल युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांना, म्हणजे आईवडिलांची एक आणि भोवतालची दुसरी अशा दोन संस्कृतींच्या मधल्या जगात वाढणाऱ्यांना, 'तिसऱ्या संस्कृतीतली मुले' असे नाव दिले होते. त्यामुळे "तिकडे बघ किती मजा येईल" हे आश्वासन तूर्त बाजूला ठेवा आणि ती काय सोडून चालली आहे ते तिलाच सांगू द्या. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतील, तर घर ताब्यात देण्यापूर्वी त्या पुसाव्याच लागतील. पण त्याआधी कागदाची लांब पट्टी चौकटीला चिकटवून प्रत्येक खूण तारखेसह तिच्याच हाताने उतरवून घ्या. नंतर खोडरबरही तिच्याच हातात द्या. कुणाचा निरोप घ्यायचा याची यादीही तिचीच असू द्या, मग त्यात एखादे झाड किंवा कोपऱ्यावरचे मांजर आले तरी हसू नका.

ऋण मानायचे म्हणजे घराची खोटी स्तुती करायची असे नाही. या घरात तुम्हाला एकटेपणाही आला असेल, तोही मनाशी मान्य करा. परतल्यावर काही महिने स्वतःच्या देशातही परके वाटू शकते. जॉन आणि जीन गुलाहोर्न या दांपत्याने १९६३ सालीच परतणाऱ्यांच्या मनाच्या या दुसऱ्या घसरणीविषयी (पहिली परदेशी गेल्यावर येते ती) लिहिले आहे. त्या दिवसांत मागचे घर फारच सुंदर भासू लागते, आणि तेव्हा ही प्रांजळ आठवण उपयोगी पडते.

घराचे आभार मानण्याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला मार्ग म्हणजे पुढच्या बिऱ्हाडकरूसाठी, घरमालकांना विचारून, एक चिठ्ठी ठेवणे. कोणती खिडकी पावसात फुगते, कोणता नळ अर्धा फिरवूनच थांबवावा, सकाळचे ऊन टेबलावर किती वाजता येते, हे चार वर्षे राहिलेल्या माणसाखेरीज कुणालाच सांगता येणार नाही. ही चिठ्ठी यजमानांनाच लिहायला सांगा. नळ बहुधा त्यांनीच दुरुस्त केला असेल.