पैनगंगेकाठच्या गावी पहिल्यांदा जाताना

मित्रांना घेऊन किनवट तालुक्यातील पैनगंगेकाठच्या गावी जाण्याचा तुमचा बेत उत्तम आहे. फक्त सहस्रकुंड धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि माहूर ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा मोह टाळा, कारण त्यात नदीकाठी निवांत बसणेच राहून जाते.

सर्वांत आधी पाण्याचे. वरच्या अंगाला इसापूर धरण असल्यामुळे, तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही विसर्ग सुरू झाला की पात्रातील पाणी वाढते. म्हणून पावसाळ्यात सहस्रकुंडाच्या कातळावर छायाचित्रासाठी उतरू नका, आणि गावकऱ्यांनी डोहात जाऊ नका म्हटले, तर पट्टीच्या पोहणाऱ्यानेही ऐकावे. नवखी मंडळी नेमकी इथेच चुकतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ निवडा. उन्हाळ्यात सागाची पानगळ झाल्यावर सावली फारशी उरत नाही. जेवणाचे आदल्या दिवशीच कळवा, कारण आयत्या वेळी एखाद्या घराला दहा जणांच्या भाकरी थापायला लावणे बरे नव्हे. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत शिरायचे असल्यास वनविभागाची परवानगी घ्या. स्पीकर घरीच ठेवा. याबाबतीत मी हटवादी आहे. जंगलातील पायवाटा आणि पक्षीनिरीक्षण यांचे पुढच्या फेरीला पाहू.