वाचकांचे प्रश्न : शनिवारची सकाळ

प्रश्न : मी मालाडला राहते आणि फोर्टमधील एका कचेरीत नोकरी करते. सकाळी साडेसातला घर सोडते, ती रात्री आठनंतर परतते. रविवारची मिस्सा (चर्चमधील उपासना) चुकवत नाही, पण रोजची जपमाळ तिसऱ्या दशकापर्यंतही (दहा मण्यांच्या तिसऱ्या संचापर्यंतही) जात नाही, डोळे मिटू लागतात. शनिवारी सकाळी इमारतीतील एका वृद्ध मावशींना डायलिसिसला घेऊन जाते, त्यामुळे निवांत प्रार्थनेला मिळाला असता तो वेळही जातो. आमच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या, म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरांच्या गटाच्या, सभेला चार वेळा गेले. तिथे सणाच्या वर्गणीवरचा वाद आणि न आलेल्या माणसांविषयीच्या गोष्टी एवढेच कानी पडले. माझ्यासारखीला आध्यात्मिक जीवन शक्य आहे का, की निवृत्तीची वाट पाहावी? (एक वाचक, मालाड)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा शनिवारच्या ओळीपाशी थांबलो. मावशींना डायलिसिसला नेण्याचा वेळ तुम्ही प्रार्थनेच्या हिशेबात वजा केला आहे. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा जे विचारतो, त्यात जपमाळेची किती दशके झाली हा प्रश्न नाही. आजाऱ्याच्या समाचाराला कोण गेले, हा आहे. त्या यंत्राशेजारी बाकावर बसून तुम्ही मावशींचा गार पडलेला हात हातात घेत असाल, तर तुमच्या आठवड्यातील सर्वांत खरी उपासना बहुधा तीच असेल, आणि ती तुम्ही आजवर तूट म्हणून लिहीत आला आहात.

मात्र ‘काम हीच प्रार्थना’ असे म्हणून मी तुम्हांला मोकळे करणार नाही. हे वाक्य आपल्याकडे फार सहज वापरले जाते आणि त्याच्या आधाराला हमखास ब्रदर लॉरेन्स यांचे नाव घेतले जाते. पॅरिसमधील कार्मेलाईट मठाच्या स्वयंपाकघरात राबणारे हे धर्मबंधू १६९१ साली वारले. भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवाच्या सान्निध्यात असतो, असे ते सांगत. हे खरे आहे, पण ते एकटे राहत नव्हते, ही गोष्ट सांगायची राहून जाते. त्यांचा दिवस मठाच्या घंटेने बांधलेला होता, प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळी शेजारी इतर बंधू उभे असत, आणि तरीही पहिली दहा वर्षे आपल्याला फार जड गेली असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जे नियम लिहिले, त्यांत मठातील अवजारे आणि भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत असे सांगितले आहे. आणि प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातले काम तिथेच सोडून निघावे, असेही त्याच नियमांत आहे. कामाला पावित्र्य आले ते या थांबण्यामुळे. तुमच्या दिवसात काम भरपूर आहे. उणीव आहे ती घंटेची आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांची.

आधी घंटेचे पाहू. परतीच्या गाडीत अंधेरी ते मालाड हा टप्पा राखून ठेवा. संत इग्नेशियस यांनी शिकवलेले आत्मपरीक्षण एवढ्या वेळात सावकाश होते. अंधेरी सुटली की दिवसभरात मिळालेल्या एखाद्या गोष्टीबद्दल आभार माना. जोगेश्वरी, राम मंदिरपर्यंत सकाळपासूनचे प्रसंग डोळ्यांसमोर आणा आणि देव कुठे जवळ वाटला, आपण कुठे पाठ फिरवली, एवढेच पाहा. गोरेगाव गेले की क्षमा मागा आणि उद्याच्या एकाच गोष्टीसाठी बळ मागा. डोळे मिटायची गरज नाही, बसायला जागा मिळायचीही नाही. याच लोकलमध्ये वरची कडी धरून, टाळ वाजवत रोज भजन म्हणणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. गर्दीचा अडसर त्यांना वाटत नाही, तो आपणही मानू नये. घरी पोहोचल्यावर जपमाळेचे एकच दशक म्हणा, पण घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन आणि झोपायच्या वेळी नव्हे, तर जेवणाआधी.

आता समूहाविषयी. तुमची तक्रार रास्त आहे आणि ती मी पुष्कळ ठिकाणांहून ऐकतो. तरीही परत जा, असेच मी म्हणेन. प्रभूने शिकवलेली प्रार्थना ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरू होते. ‘माझ्या पित्या’ म्हणण्याची सोय तिच्यात ठेवलेलीच नाही. वर्गणीवरून भांडणारी माणसेही त्या ‘आमच्या’त येतात.

सभेच्या स्वरूपात मात्र बदल करता येतो. शुभवर्तमान-वाचनाची सात पायऱ्यांची पद्धत तुमच्या अॅनिमेटरांना (सभा चालवणाऱ्यांना) ठाऊक असेल : प्रभूला आमंत्रण, उताऱ्याचे वाचन, मनात रुतलेला शब्द किंवा ओळ मोठ्याने म्हणणे, मौन, ज्याने-त्याने आपल्यापुरते सांगणे, मग आपल्या हातून आता काय व्हावे याचा विचार आणि शेवटी प्रार्थना. माझा अनुभव असा, की चौथी पायरी दोन मिनिटांत उरकली जाते आणि सहावी गाळली जाते. मौन नसल्यामुळे गप्पा शिरतात आणि काम न ठरल्यामुळे वर्गणीचा विषय निघतो. पुढच्या सभेत सहाव्या पायरीवर तुम्ही मावशींचे नाव घ्या. महिन्यातील चार शनिवार चार घरांनी वाटून घ्यावेत, एवढेच सुचवा.

आमच्या समूहातील एक प्रसंग सांगतो. पाण्याच्या टाकीवरून दोन घरांचे तीन महिने बोलणे बंद होते. एका सभेत, वेदीवर अर्पण आणताना भावाशी वैर आठवले तर आधी समेट कर, हा उतारा निघाला. मौन लांबले, आणि त्यांतील एक गृहस्थ कुणाकडे न पाहता उठून गेले. सगळ्यांना वाटले, हे आता यायचे नाहीत. पुढच्या सभेच्या दिवशी जोराचा पाऊस होता आणि दुसऱ्या घरातील आजींना जिना चढवेना. हेच गृहस्थ खाली गेले, प्लॅस्टिकच्या खुर्चीत आजींना बसवून दुसऱ्या बाजूला त्यांच्याच मुलाला धरायला सांगितले, आणि ती खुर्ची दोघांनी मिळून तिसऱ्या मजल्यावर आणली. क्षमेचा शब्द कुणी उच्चारला नाही. आजी मात्र वर येईपर्यंत जपमाळेतील ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणत होत्या.

प्रश्न : आमच्या गावठाणात मे महिन्यात क्रुसापाशी रोज संध्याकाळी जपमाळ होत असे. आता चारच वृद्ध बायका येतात. ही प्रथा बंद करावी का? (एक वाचक, वांद्रे)

उत्तर : करू नये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्या काळात गावठाणांतून आणि वाड्यांतून असे कितीतरी क्रूस उभे राहिले. माणसे भयाने घेरलेली असताना शेजाऱ्यांनी एकत्र येऊन देवापुढे उभे राहण्याची ती जागा होती. जिथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे, असे प्रभूने म्हटले आहे. तुम्ही चौघी आहात. आठवड्यातून एक दिवस मात्र क्रुसापाशी न जमता, ज्यांना खाली उतरता येत नाही अशा एखाद्या घरी जपमाळ म्हणा, आणि बाकीच्या दिवशी क्रुसाला हार घालण्याचे काम मुलांकडे द्या. फुले आणायला आलेले मूल पहिल्या दशकापर्यंत तरी थांबते.