फिनमार्कला पहिल्यांदाच जाताय?

नॉर्वेचं हे उत्तर टोक नकाशावर चिमुकलं दिसतं, पण फिओर्डांना, म्हणजे जमिनीत खोलवर घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांना, वळसे घालण्यातच दिवस संपतो. नवखे इथेच फसतात: नॉर्डकॅपच्या ३०७ मीटर उंच कड्यावर फोटो, की लगेच परत! त्यापेक्षा दोनच ठिकाणं निवांत बघा.

- आल्टा: १९८५ पासून जागतिक वारसा यादीत असलेली कातळशिल्पं. रेनडियर, अस्वलं, होड्या. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली, म्हणून उन्हाळ्यातच जा.
- व्हार्डो: चेटूक केल्याच्या आरोपापायी जीव गमावलेल्या ९१ जणांचं स्मारक. लांबलचक अंधारा बोळ, माणसागणिक एक खिडकी, खिडकीत एक दिवा. घाई करू नका, शेजारचा मजकूर वाचा.

रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच सामान भरा. आणि उन्हाळा असला तरी स्वेटर हवाच.