वास्तववादी संकलन म्हणजे कमी कट, एवढंच का?

सुरुवातीच्या सिनेमातलं वास्तववादी आणि क्लासिकल संकलन (एडिटिंग) यांत फरक फक्त कटच्या, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाण्याच्या, संख्येचा आहे का, असं तुम्ही विचारलंय. वास्तववादी शैलीत कट कमी असतात हे खरं, पण मोजदाद करून फरक कळणार नाही. कट कशासाठी घेतलाय ते बघा.

अमेरिकन दिग्दर्शक एडविन पोर्टरच्या 'लाइफ ऑफ अ‍ॅन अमेरिकन फायरमन'मध्ये (१९०३) आगीतून सुटका आधी खोलीच्या आतून पूर्ण दिसते आणि मग तीच घटना बाहेरून पुन्हा पहिल्यापासून! घटना मध्येच तोडायची हे तेव्हा अजून रुळलं नव्हतं. सहाच वर्षांनी अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने 'द लोनली व्हिला' केला. चोर दार फोडताहेत, आई मुलींना घेऊन आत कोंडून बसलीय, नवरा दूरवरून टेलिफोनवर बोलतोय. ग्रिफिथ या तीन जागांमध्ये आलटून-पालटून जातो. चोर फोनची तार कापतात आणि नवऱ्याच्या हातात मुका रिसीव्हर उरतो. दार फुटायला खरा वेळ किती लागेल याच्याशी ग्रिफिथला देणंघेणं नाही. आपला जीव टांगणीला लागेल तेवढा तो क्षण ताणतो. क्लासिकल संकलन ते हेच. कुठे बघायचं आणि कधी घाबरायचं, हे संकलन ठरवतं.

आता वास्तववादी शैलीसाठी दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टीचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) बघा, आर्क्टिकमधल्या एका इनुइट शिकाऱ्यावरचा माहितीपट. बर्फातल्या भोकापाशी नानूक सीलची वाट बघत थांबतो, भाला मारतो आणि मग दोरीची ओढाताण सुरू होते. तो घसरतो, पडतो, पुन्हा उठून ओढतो. कॅमेरा लांबूनच बघत राहतो. इथे ग्रिफिथ असता तर हात, चेहरा, भोक असे तुकडे केले असते. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँचं म्हणणं असं, की त्या शिकारीला लागणारा वेळ हाच त्या चित्राचा खरा विषय. मला हे पूर्ण पटतं. ग्रिफिथचं कौशल्य थक्क करणारं आहे, पण नानूकच्या थांबण्यात मी जास्त गुंततो, कारण तिथे मला कोणी घाई करत नाही.

फक्त शैली वास्तववादी आहे म्हणून समोरचं सगळं जसंच्या तसं टिपलंय, असं धरून चालू नका. आतलं चित्रण करायला उजेड आणि जागा हवी म्हणून फ्लाहर्टीने इग्लू (बर्फाचं घर) मुद्दाम मोठा आणि एका बाजूने उघडा बांधून घेतला होता. त्यात झोपणारं कुटुंबही चित्रपटासाठी जुळवलेलं होतं.