पित्तनलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, पुढे काय?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६४) कावीळ झाली, तपासण्यांत पित्तनलिकेच्या खालच्या टोकाचा कर्करोग निघाला आणि सहा आठवड्यांपूर्वी व्हिपल शस्त्रक्रिया (पित्तनलिकेच्या खालच्या भागासह स्वादुपिंडाचे डोके आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग काढण्याची) झाली. ‘गाठ पूर्ण निघाली’ असे सर्जन म्हणतात; मग सहा महिने केमोच्या गोळ्या कशाला? शौचाला तेलकट होते आणि वजन घटतच आहे. आजार उलटेल का?

उत्तर : ‘पूर्ण निघाली’ म्हणजे कापलेल्या कडेवर सूक्ष्मदर्शकाखालीही कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु बायोप्सी रिपोर्टमध्ये लसिकाग्रंथींविषयी काय लिहिले आहे, हे आपण कळवलेले नाही आणि पुढचा अंदाज बराचसा त्यावरच ठरतो. ग्रंथींत आजार पोचला असेल, तर तो उलटण्याची शक्यता वाढते, आणि उलटलाच तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून त्या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी सीटी स्कॅन सांगतात.

गोळ्या न दिसणाऱ्या पेशींसाठी असतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘बिलकॅप’ चाचणीत कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी निम्मे रुग्ण सुमारे ५१ महिन्यांनंतरही हयात होते, न घेणाऱ्यांत हा काळ ३६ महिने होता. संख्याशास्त्राच्या काटेकोर निकषाला हा फरक थोडक्यात उतरला नाही, तरीही माझ्या मते गोळ्या टाळू नयेत. तळहात-तळपाय सोलवटले किंवा जुलाब लागले, तर मात्र परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करून घ्यावी.

तेलकट शौचाचे कारण बहुधा स्वादुपिंडाच्या पाचकरसांची कमतरता हे असते. त्यासाठीची कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची असते. आपल्याकडे ती जेवण आटोपल्यावर इतर गोळ्यांबरोबर दिली जाते आणि वाया जाते. दुसरी अडचण पथ्याची : कावीळ झाली होती म्हणून तेल-तूप बंद, नुसता मऊ भात आणि मुगाचे पाणी. अशाने वजन कसे वाढणार? दिवसातून सहा वेळा थोडे थोडे द्यावे, त्यात अंडे, पनीर, वरण असावे, आणि कॅप्सूल सुरू असताना बेताचे तूप चालते.

थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये. आतडे पित्तनलिकेला जोडलेले असल्याने जंतुसंसर्ग वर चढू शकतो, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा संसर्गात सीए १९-९ ही कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी करतात ती रक्तचाचणीही वाढलेली येते, तेव्हा तेवढ्यावरून आजार उलटला असे समजू नये.