वांग्याच्या फुलाचं पान का झालं?

प्रश्न : भातकापणीनंतर परसात वांग्याची वीस रोपं लावली. चार झाडांना बारीक, मऊ, पिवळट पानं झुबक्याने येतायत. एकाची फुलंही हिरवी झाली, वांगं धरत नाही. खत कमी पडलं का? छाटणी करू का? – एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : खताचा दोष नाही. उलट युरिया वाढवलात तर कोवळ्या पाल्यावर तुडतुडे जास्त येतील, आणि हा रोग आणतात तेच. हा बोकड्या, म्हणजे पर्णगुच्छ. याचं मूळ फायटोप्लाझ्मा नावाच्या, पेशीभित्तिका नसलेल्या जिवाणूत आहे. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो आणि फांदीफांदीत पोचतो, म्हणून छाटणीचा उपयोग नाही. नवी फूटही तशीच येते.

एक हिरवं फूल तोडून नखाने उघडून पाहा. जांभळ्या पाकळ्यांच्या जागी पानासारखी दलं दिसतील. मुळात पाकळी म्हणजे रूप बदललेलं पानच. ‘इथे पाकळी, इथे पुंकेसर’ हे ठरवणारी जनुकं काही नियंत्रक प्रथिनांच्या हुकमाने चालतात. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसवरच्या प्रयोगांत याचं कोडं उलगडलं : फायटोप्लाझ्माचं ‘सॅप५४’ हे प्रथिन या नियंत्रकांना धरतं आणि पेशीच्या, प्रथिनं मोडीत काढणाऱ्या यंत्रणेकडे ढकलतं. हुकूम देणाराच उरला नाही की फूल पुन्हा पानाच्या वाटेला जातं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सॅप५४ असलेल्या झाडांवर तुडतुड्यांनी जास्त अंडी घातली होती. जिवाणूला पुढच्या झाडावर नेणारं वाहन असं आपोआप मिळतं.

यात जनुकं बदलत नाहीत, फक्त त्यांचं काम बिघडतं. वांग्यात हा रोग बियांतून जात नाही, तेव्हा निरोगी झाडाचं बी बिनधास्त धरा.

आता ती चार झाडं काढायची, पण आधी फवारणी करून. झाड हलवलं की तुडतुडे उडून शेजारच्या झाडावर बसतात. ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळून १ लिटर करा, चिमूटभर साबणचुरा घाला. सगळ्याच झाडांवर, पानांच्या खालच्या बाजूने फवारा. दुसऱ्या दिवशी पहाटे रोगट झाडावर पिशवी घालून मुळासकट उपटा, वाळवून जाळा. फवारणी दर आठ-दहा दिवसांनी चालू ठेवा. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही आठवडे जातात, म्हणून उरलेली सोळा झाडंही निरखत राहा.

कुंपणातला धोतरा काढा; हा जिवाणू त्यावरही राहतो. जुन्या वांग्याचा खोडवा ठेवू नका, आणि पुढच्या वेळी रोपवाटिकेवर बारीक जाळी घाला. आंब्याच्या मोहोराचा गुच्छ होतो तो मात्र फ्युजॅरियम बुरशीमुळे. त्याचा उपाय वेगळा.