मेम्ब्रेन वारंवार का चोंदतं?

प्रश्न : बायोडिझेल धुतलेलं पाणी अल्ट्राफिल्ट्रेशनला (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून गाळायला) दिलं की दोन-तीन दिवसांत मेम्ब्रेन चोंदतं. गाळलेल्या पाण्याचा सीओडीही (सेंद्रिय घाणीचं माप) फारसा उतरत नाही. मेम्ब्रेन बदलावं का?

उत्तर : इतक्यात नको. आधी बाटलीभर कच्चं पाणी हलवून पाहा. दुधाळ राहिलं, वर फेस टिकला, तर त्यात साबण आहे. साबण तेलाचे थेंब एकत्र येऊ देत नाही आणि तो चिकट थर मेम्ब्रेनवर बसतो.

म्हणून सल्फ्युरिक आम्ल हळूहळू घालून पीएच २ ते ३ वर आणा. साबण फुटतो, फॅटी ॲसिड तरंगतं. टाकी ढवळू नका, रात्रभर निवळू द्या आणि वरचा तपकिरी थर काढून घ्या. मग कॉस्टिक सोड्याने पीएच ७ च्या आसपास आणा. इथे चुना वापरू नका. सल्फेटशी मिळून जिप्सम होतं आणि तेही मेम्ब्रेनवर बसतं.

मेम्ब्रेन धुताना आधी अल्कली, मग सायट्रिक आम्ल. उलट केलंत तर उरलेला साबण मेम्ब्रेनवरच फुटून चिकट होतो. अल्कलीची पीएच-मर्यादा उत्पादकाच्या पत्रकातच पाहा. पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या मेम्ब्रेनला तीव्र कॉस्टिक सोसत नाही.

सीओडीचं कारण वेगळं. मिथेनॉल आणि ग्लिसरॉल विरघळलेले असतात, अल्ट्राफिल्ट्रेशनमधून सरळ पार होतात. मिथेनॉल तर आरओसुद्धा नीट अडवत नाही. ते धुण्याआधीच बायोडिझेलमधून उडवून परत मिळवा. ग्लिसरॉल जैविक टाकीत (जिथे जिवाणू घाण खातात) जिरतं.